जग बुडालं, पण निवेदक बरा होता

जग बुडाल्यावर काय खावं, कुठे झोपावं आणि कुणाला गोळी घालावी, याचं सविस्तर मार्गदर्शन करणाऱ्या कादंबऱ्या हा अमेरिकेतला भरभराटीचा व्यवसाय आहे. जग बुडवायला तिथल्या लेखकांना काहीही चालतं. अणुबाँब, तापाची साथ, धूमकेतू, सूर्यावरची वादळं, चालती प्रेतं. पहिल्या पन्नास पानांत लोकसंख्या उरकून टाकायची आणि पुढची चारशे पानं उरलेल्या माणसांना डबाबंद राजम्याच्या शोधात हिंडवायचं, असा साधारण बेत असतो. या कादंबऱ्या वाचणारे आहेत तसे कानात बोंडं घालून ऐकणारेही पुष्कळ आहेत. आणि खरं सांगायचं तर मला कादंबऱ्यांपेक्षा त्या ऐकणाऱ्यांची मतं अधिक रंजक वाटतात.

कारण जग बुडाल्याचं या श्रोत्यांना काहीच वाटत नाही. सातशे कोटी माणसं मेली, त्याबद्दल एका अक्षराची तक्रार नसते. तक्रार असते ती निवेदक आवंढा गिळतो त्याची. किंवा तो नेव्हॅडा राज्याला ‘नेव्हाडा’ म्हणतो त्याची. हा उच्चार कानावर पडला की नेव्हॅडाचा रहिवासी गाडी बाजूला घेऊन तक्रार लिहायला बसतो. ऑरिगनला कुणी ‘ऑरेगॉन’ म्हटलं की तिथला माणूस असाच पेटतो. ॲपलॅचियन डोंगरांच्या दक्षिण भागात तर ‘ॲपलेशन’ म्हणणारा माणूस बाहेरचा, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आपलं राज्य बेचिराख झालेलं सहन होतं. त्याचं नाव चुकवलेलं सहन होत नाही.

तक्रारीची परंपरा तशी जुनी आहे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणाऱ्या मेरी शेलीने १८२६ मध्ये ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी लिहिली आणि एकविसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने जवळजवळ सगळी माणूसजात संपवली. तेव्हाच्या टीकाकारांनी तिला असं झोडपलं की पुस्तक पुढे कितीतरी दशकं विस्मृतीत गेलं. बाईंना निदान निवेदकाच्या आवंढ्याबद्दल बोलणी खावी लागली नाहीत.

माझा एक आतेभाऊ ओहायोत असतो. घरापासून कचेरी पाऊण तास, संध्याकाळी परत पाऊण तास, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका. मक्याकडे माणूस किती वेळ बघणार? सुरुवातीला तो नाट्यगीतं ऐकायचा, मग प्राणायामाचं काहीतरी ऐकायला लागला, आणि एकदा कुणीतरी त्याला जगबुडीची कादंबरी लावून दिली. तेव्हापासून त्याच्याशी फोनवर बोलणं अवघड झालं आहे.

“दादा, काय चाललंय?”

“काही नाही रे, वीज गेलीय.”

“वीज? अमेरिकेत?”

“कादंबरीत रे. चौथा दिवस आहे. पण लेखक गाढव आहे. सगळ्या गाड्या बंद पाडल्यात त्यानं.”

“मग?”

“मग काय मग! सगळ्या पडणार नाहीत ना!”

मागून वहिनींचा आवाज येतो, “भाऊजी, यांना सांगा, कचऱ्याची गाडी उद्या सकाळी येते. ती चालू आहे अजून.”

दादा ज्या लेखकाला गाढव म्हणत होता ते विल्यम फोर्स्टचेन. त्यांची २००९ ची ‘वन सेकंड आफ्टर’ ही या पंथाची पोथी म्हणावी इतकी ऐकली जाते. अमेरिकेच्या माथ्यावर उंच आकाशात अण्वस्त्र फुटतं, विद्युतचुंबकीय लाट येते आणि वीज, फोन, मोटारी सगळं एका क्षणात ठप्प. नॉर्थ कॅरोलायनात ब्लॅक माउंटन नावाचं खरोखरचं गाव आहे, तिथे इतिहास शिकवणारा एक निवृत्त कर्नल, त्याच्या दोन मुली, त्यातल्या धाकटीला मधुमेह, आणि गावातलं इन्सुलिन संपत चाललेलं. गोष्टीचा हा धागा खरोखर पोटात कालवतो. गावात मोजक्याच मोटारी चालतात, त्यांत सासूबाईंची जुनी एडसेल, कारण तिच्यात इलेक्ट्रॉनिक असं काही नाही. सगळं जग बंद पडलं तरी सासूबाईंचं चालतंच, हे सत्य लेखकाने कोणताही गाजावाजा न करता सांगितलं आहे.

आता एका मुलीचा जीव टांगणीला लागलेला असताना श्रोते कशावर बोलतात? मोटारींवर. आणि गंमत अशी की बोलतात ते अभ्यास करून बोलतात. विद्युतचुंबकीय लाट ही काही लेखकाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिकवर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ‘स्टारफिश प्राइम’ नावाचा अणुस्फोट केला, तेव्हा तिथून १,४०० किलोमीटरवर असलेल्या हवाईत रस्त्यावरचे ३०० च्या आसपास दिवे गेले. एवढं ऐकलं की लेखकाच्या बाजूचे लोक खूश होतात. मग दुसरी बाजू सरकारी अहवाल बाहेर काढते. अमेरिकी संसदेने नेमलेल्या आयोगाने ३७ मोटारी आणि १८ ट्रकांवर अशी कृत्रिम लाट सोडून पाहिली होती. बहुतेक गाड्यांना किरकोळ कुरबुरीपलीकडे काही झालं नाही. काही चालत्या गाड्या बंद पडल्या, त्याही किल्ली फिरवल्यावर पुन्हा सुरू झाल्या. एक ट्रक तेवढा ओढत न्यावा लागला. २००८ च्या अहवालात हे सगळं छापलेलं आहे. त्यावर पहिली बाजू म्हणते की त्या गाड्या जुन्या, आजच्या गाडीत चाकांपेक्षा चिपा जास्त. हा वाद चालू असताना तिकडे कादंबरीत गावाची वेस बंद करून लढाईची तयारी चाललेली असते, पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते.

या कादंबरीच्या बाबतीत ऐकणारे एका गोष्टीत मात्र नशीबवान. छापील पुस्तकातल्या व्याकरणावर वाचकांनी पुष्कळ दातओठ खाल्ले होते. पात्रांच्या बोलण्यात ‘कुड हॅव्ह’च्या जागी चक्क ‘कुड ऑफ’ छापलं होतं. भराभर बोलताना कानाला दोन्ही सारखंच लागतं. शुद्धलेखनाच्या चुका ऐकू येत नाहीत, हा ऑडिओबुकचा सर्वांत मोठा फायदा आहे आणि त्याची जाहिरात अजून कुणी केलेली नाही.

मोटारवाल्यांइतकाच कडवा पंथ पेट्रोलवाल्यांचा. साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांत उतरायला लागतं, वर्षभरात तर त्याचा भरवसा राहत नाही. लेखकाला हे ठाऊक नसतं. त्याचा नायक जग बुडाल्यावर पाच वर्षांनी एखाद्या धूळ खात पडलेल्या ट्रकाची टाकी उघडतो, रबरी नळी घालून पेट्रोल ओढतो आणि भुर्रकन निघून जातो. तो निघून जातो तेव्हा मागे हजारो श्रोत्यांचा ‘अरे!’ ऐकू येतो. प्रेत उठून चाललं, चावलं, त्यातून दुसरं प्रेत तयार झालं, इथवर कुणी हूं की चूं केलेलं नसतं. प्रेताला चालायला ऊर्जा कुठून मिळते हे कुणी विचारत नाही. ट्रकाला कुठून मिळाली, हे मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

पिस्तूलवाले त्याहून भयंकर. ग्लॉक या पिस्तुलाला बाहेरच्या अंगाला बोटाने सरकवायचा सेफ्टीचा खटका नसतो, त्याची सेफ्टी चापातच असते. हे वाक्य मी कोणतंही पिस्तूल हातात न धरता केवळ श्रोत्यांची मतं वाचून लिहू शकतो, यावरून त्यांनी किती वेळा ते सांगितलं असेल याची कल्पना यावी. तरीही दर दुसऱ्या कादंबरीतला नायक अंधारात ग्लॉकचा खटका सरकवतो. मग त्याच्या नाकाला कॉर्डाइटचा वास येतो. कॉर्डाइट ही जुन्या काडतुसांतली दारू, गेल्या शतकाच्या मध्यावर मागे पडली, त्यामुळे आज कुणाच्याही नाकाला तो वास येण्याचं कारण नाही. पण लेखकांच्या नाकाला येतो, कारण त्यांच्या आधीच्या लेखकांच्या नाकाला येत होता. घोडेवाल्यांचं दुःख आणखी वेगळं. कादंबरीतला घोडा मोटारसायकलसारखा दिवसभर पळतो, पाणी पीत नाही, लंगडत नाही, आणि लीद तर कधीच टाकत नाही.

हे ऐकून कुणाला वाटेल, काय ही किरकिरी माणसं. मला तसं वाटत नाही. ही मंडळी कादंबरीची परीक्षा घेतात हे खरं, पण पेपर लेखकानेच काढलेला असतो. ‘मी तुम्हाला जगायला शिकवतो’ असा आव आणायचा आणि मग पेट्रोल किती दिवस टिकतं हे ठाऊक नसायचं, हे चालणार नाही. प्रेमकथेत नायिकेने आमटीत मीठ किती टाकलं यावरून कुणी भांडत नाही. इथे मीठ हीच गोष्ट असते. पॅट फ्रँक यांच्या ‘अलास, बॅबिलॉन’ या १९५९ च्या कादंबरीत अणुयुद्धानंतर फ्लोरिडातल्या एका लहान गावातलं मीठ संपतं. त्याआधी वीज गेलेली आहे, पैसा रद्दी झालेला आहे, पण माणसं खऱ्या अर्थाने हबकतात ती मिठाच्या डब्याचा तळ दिसल्यावर. विल पॅटन या नटाने ती फार निवांत, दक्षिणी आवाजात वाचली आहे, आणि साठ वर्षांहून जुनी असूनही या प्रकारात ती मला सर्वांत कमी थापाडी वाटते.

या कादंबऱ्यांतला नायक तांदूळ, डाळ, मीठ, काड्यापेट्या आणि मेणबत्त्या साठवतो तेव्हा तो मोठा द्रष्टा असल्याचं लेखक पुन्हा पुन्हा बजावतो. आमच्याकडे कोकणात पाऊस लागण्यापूर्वी घरोघर हेच करतात, त्याला आगोट म्हणतात, आणि ती भरणाऱ्या आजीला आपण द्रष्ट्या आहोत असं कधी वाटलं नाही. तिला फक्त सुकटीला वास येऊ नये एवढीच काळजी असे.

यादी हा या प्रकाराचा आत्मा आहे. ‘ए. अमेरिकन’ असं टोपणनाव घेतलेल्या लेखकाची ‘गोइंग होम’ पाहा. नायकाची गाडी घरापासून २५० मैलांवर बंद पडते आणि तो पाठीला पिशवी लावून फ्लोरिडातून चालत घरी निघतो. त्या पिशवीत काय काय आहे हे आपल्याला मैलामैलाला कळत जातं. ज्या श्रोत्याला हे आवडतं त्याला ते इतकं आवडतं की तो थांबवून थांबवून सामान टिपून घेतो. ज्याला आवडत नाही त्याला वाटतं, आपण पैसे देऊन दुकानाची जाहिरात ऐकतो आहोत. छापील पुस्तकात यादी आली की डोळा सरळ खाली उतरतो. कानाला ती सोय नाही. तीस सेकंद पुढे नेणारं बटण असतं, पण नेमकी त्या तीस सेकंदांत यादी संपते, फाटक वाजतं आणि कुणीतरी मरतं. मग मेलं कोण हे कळायला मागे यावं लागतं आणि पुन्हा तंबूच्या खुंट्यांपासून सुरुवात होते.

दादाने अशाच एका यादीवरून पिशवी तयार केली आहे. ती त्याच्या गाडीच्या डिकीत असते. “तुझी हिंगाची डबी कुठे आहे त्यात?” असं वहिनींनी विचारलं तेव्हा तो गप्प बसला. लेखकाने हिंगाचा विचार केलेला नव्हता.

आता आवाजाकडे येऊ, कारण खरी रणधुमाळी तिथे आहे. जगबुडीच्या कादंबरीचा निवेदक हा बहुतेक वेळा घोगऱ्या आवाजाचा, खडी गिळल्यासारखा बोलणारा पुरुष असतो. हा आवाज एकट्या, दाढीवाल्या, बायको गमावलेल्या नायकाला शोभून दिसतो. पंचाईत होते ती बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडी वाक्य आल्यावर. तोच माणूस मग आवाज चोरून, नाकात ओढून बोलायला लागतो आणि निम्मे श्रोते कानातली बोंडं काढतात. त्याने आवाज बदलला नाही तर उरलेले निम्मे म्हणतात, कोण बोलतंय तेच कळत नाही. आपल्याकडे पूर्वी नाटकांत पुरुष स्त्रीभूमिका करत आणि बालगंधर्वांचा शालू बघून बायका फॅशन ठरवत; पण तिथे निदान शालू तरी होता.

मॅक्स ब्रूक्स यांच्या ‘वर्ल्ड वॉर झी’ने या दुखण्यावर इलाज शोधला. वडील मेल ब्रूक्स, अमेरिकेला आयुष्यभर हसवणारे. मुलाने अख्ख्या जगावर प्रेतं सोडली. २००६ ची ही कादंबरी म्हणजे युद्धानंतर देशोदेशीच्या माणसांच्या घेतलेल्या मुलाखती आहेत, त्यामुळे ऑडिओसाठी प्रत्येकाला वेगळा नट घेता आला. ॲलन आल्डा, मार्क हॅमिल अशी मंडळी आली. श्रोते खूश झाले का? झाले, आणि लगेच म्हणाले की हे संक्षिप्त आहे, पुस्तकातली कितीतरी प्रकरणं गायब आहेत, आम्हाला आमची प्रेतं पूर्ण पाहिजेत. २०१३ मध्ये, सिनेमा आला त्या सुमारास, मोठी आवृत्ती काढली, त्यात दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींचाही आवाज घेतला. आता तक्रारीला जागा नाही असं वाटत असतानाच ती सापडली: परदेशी माणसांचे उच्चार. या पुस्तकात गुजरातच्या किनाऱ्यावरचं अलंगही आहे, जहाजं तोडण्याच्या धंद्याचं गाव. लोक जीव वाचवायला तिथल्या मोडक्या जहाजांकडे धावतात. हे प्रकरण आलं की भारतीय श्रोत्याचे कान टवकारतात. मग पाण्यात पडलेली माणसं आणि मागे लागलेली प्रेतं बाजूला राहतात आणि बोलणारा इसम भावनगरकडचा वाटतो का, याची तपासणी सुरू होते. म्हणजे नेव्हॅडावाल्यांना हसण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

तसा तो मराठी माणसाला तर मुळीच नाही. पु. ल. आणि व. पुं.च्या कॅसेटींवर वाढलेला आपला कान आहे. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठी पुस्तकं ऐकण्याची सोय फोनवर झाली, तेव्हापासून च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार सांभाळता न येणाऱ्या निवेदकाची आपल्या घराघरांत काय संभावना होते, हे मी ऐकलेलं आहे. जगबुडीची मराठी कादंबरी वाचणाऱ्याला तर फारच जपावं लागेल. ‘जग बुडालं’ म्हणताना ज जरा तालूकडे सरकला की पाण्याचा जग बुडतो आणि कादंबरी तिथेच आटोपते.

कॉरमॅक मॅकार्थी यांच्या ‘द रोड’बद्दलची मतं मात्र मी जरा अदबीने वाचतो. २००६ ची कादंबरी, दुसऱ्या वर्षी पुलित्झर मिळालं. बाप आणि लहान मुलगा, दोघांनाही नाव नाही. सामानाची ढकलगाडी, राखेने भरलेला रस्ता, रिव्हॉल्व्हरात दोन गोळ्या. जग कशाने बुडालं हे लेखक सांगतच नाही. चौकशी समितीच्या वृत्तीने ऐकायला बसलेल्या श्रोत्याची इथे फार कुचंबणा होते. लाट होती की धूमकेतू? उत्तर नाही. पिशवीत काय होतं? फारसं काही नाही. त्यामुळे या पुस्तकाला मिळणारी मतं दोनच जातींची. एक म्हणतो, काहीच घडत नाही, नुसते चालतात, एक तारा. दुसरा म्हणतो, आयुष्यात पुन्हा कधीही ऐकणार नाही, पाच तारे. दोघांनी एकच पुस्तक ऐकलेलं असतं, आणि माझं विचाराल तर दोघांनाही ते सारखंच भिडलेलं असतं. एकाला ते कबूल करायचं नसतं इतकंच.

मॅकार्थी अवतरणचिन्हं वापरत नसत. छापील पानावर कोणतं वाक्य बापाचं आणि कोणतं मुलाचं, हे बोट ठेवून मोजावं लागतं. टॉम स्टेकशुल्टी यांनी ते वाचताना प्रत्येक ठिकाणी निर्णय घेतलेला आहे, आणि इतका हळू आवाजात घेतला आहे की कुणी निर्णय घेतलाय हेही जाणवत नाही. निवेदक म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने पुस्तक मांडीवर ठेवून हे ऐकावं. दादाने ते मक्यामधून जाताना ऐकलं. त्या संध्याकाळी त्याने फोन केला आणि माझ्याशी नाही, माझ्या मुलाशी बोलला, शाळेचं काहीतरी विचारत बसला. पेट्रोलचा विषय निघाला नाही.

कुत्र्याबद्दलही बोललं पाहिजे. जगबुडीचा श्रोता माणसांच्या बाबतीत दगड असतो, पण कुत्रं मेलं की तो लेखकाला माफ करत नाही. पुस्तकात वा सिनेमात कुत्रा मरतो का, एवढंच आधी सांगणारी स्वतंत्र सोय अमेरिकेत लोकांनी उभी केली आहे आणि ती जोरात चालते. ‘वन सेकंड आफ्टर’वर चिडलेल्यांत अशांचा भरणा मोठा आहे, कारण तिथे भूक कुत्र्यांपर्यंत पोचते. स्टीफन किंग या बाबतीत धूर्त. ‘द स्टँड’मध्ये त्यांनी फ्लूने ९९.४ टक्के माणसं मारली, कुत्रे आणि घोडेही मारले, मांजरांना हात लावला नाही, आणि कोजॅक नावाचा एक कुत्रा शेवटपर्यंत जिवंत ठेवला. त्या एका कुत्र्याच्या पुण्याईवर त्यांचे बाकीचे गुन्हे पोटात घातले जातात.

ते गुन्हे थोडे नाहीत. ‘द स्टँड’ १९७८ मध्ये आली तीच जाडजूड होती. १९९० मध्ये किंगसाहेबांनी कापलेली पानं परत घालून ती आणखी फुगवली. ग्रोव्हर गार्डनर यांनी वाचलेली ती आवृत्ती सुमारे ४८ तासांची आहे. श्रोते कुरकुरतात, फार लांबलं म्हणतात, पण विकत तीच घेतात. कारण वर्गणीदाराला महिन्याला एका पुस्तकाचं एक क्रेडिट मिळतं, आणि त्या एका क्रेडिटमध्ये साडेसहा तासांचं ‘द रोड’ही येतं आणि ४८ तासांचं ‘द स्टँड’ही. हिशेबी माणूस काय करील? दादाने हिशेब केला, किंग घेतला, दीडपट वेगाने लावला आणि मानवजातीचा नाश ३२ तासांत आटोपला. त्यातही रात्री झोपताना ऐकायची सवय असली तर गोंधळ वेगळाच. साथीच्या पहिल्या खोकल्याला डोळा लागतो, जाग येते तेव्हा उरलेले लोक सभा भरवून नवी समिती निवडत असतात, आणि मधल्या काळात कोण गेलं कोण राहिलं याची विचारपूस करायलाही माणूस नसतो. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा ही कादंबरी लोकांना इतकी आठवायला लागली की करोना म्हणजे ‘द स्टँड’ नव्हे, असं किंग यांना जाहीरपणे सांगावं लागलं.

या सगळ्या मतांच्या मुळाशी एक ठाम समजूत आहे: नायकाच्या जागी मी असतो तर. मी असतो तर शहरात गेलो नसतो, पहिल्याच दिवशी पाणी भरून ठेवलं असतं, त्या अनोळखी बाईला दार उघडलं नसतं. ही वृत्ती अमेरिकेची मक्तेदारी आहे असं कुणी समजू नये. १७६१ साली पानिपतावर आपलं जग बुडालं. गेली अडीचशे वर्षं ती कथा ऐकणारा प्रत्येक मराठी माणूस भाऊसाहेबांपेक्षा चांगली लढाई लढत आला आहे. यात्रेकरू बरोबर न्यायचेच नव्हते. सूरजमल जाटाचं ऐकायचं होतं. गनिमी कावा सोडायलाच नको होता. हे सांगणाऱ्याने त्या दिवशी सकाळी चालायला जायचाही आळस केलेला असतो. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी पानिपताच्या व्याख्यानानंतर वक्त्याला गाठून रसद कुठून आणायला हवी होती ते पंधरा मिनिटं समजावलं, आणि मग घरी जाताना भाजी आणायला विसरले.

राहता राहिला निवेदक. त्याची बाजू कुणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. स्वतंत्रपणे काम करणारे कितीतरी निवेदक घरातल्या कपड्यांच्या कपाटात बसून वाचतात, कारण टांगलेले कोट आणि साड्यांइतका प्रतिध्वनी दुसरं काही शोषत नाही. (साड्या अर्थात आपल्याकडच्या कपाटात.) पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. पोट गुडगुडलं तर तेही माइकमध्ये जातं. तोंडाची चिकचिक होऊ नये म्हणून मधून मधून हिरव्या सफरचंदाची फोड खायची. एक तास तयार ध्वनिमुद्रण हाती यायला वाचन, दुरुस्त्या, काटछाट मिळून साधारण सहा तासांचं काम पडतं. नवख्या लेखकांकडे द्यायला पैसे नसतात, तेव्हा पुष्कळदा आगाऊ काही न घेता मानधनातला अर्धा वाटा ठरतो, म्हणजे पुस्तक खपलं नाही तर अर्ध्याचाही अर्थ शून्य. असा माणूस कोटांच्या रांगेत, घामाघूम होऊन, हातात सफरचंद धरून मानवजातीचा अंत वाचतो, आणि त्याला ऐकावं लागतं की त्याने नेव्हॅडाचा उच्चार चुकवला.

पुस्तकं ऐकवणाऱ्या सेवेने कथेला वेगळे तारे आणि वाचनाला वेगळे तारे द्यायची सोय ठेवलेली असते. तिचा उपयोग करा, एवढीच सर्व श्रोत्यांना विनंती. पेट्रोलचा राग कथेच्या रकान्यात काढा, ग्लॉकचाही तिथेच, आणि कुत्र्याचा तर जरूर तिथेच. जग लेखकाने बुडवलेलं असतं. कपाटात बसलेल्या माणसाने नाही.